शंभर वैताग

माझा साडू चहा पितो तेव्हा समोरच्या इमारतीतले लोक बादल्या घेऊन नळाकडे धावतात. नळाला पाणी आलं, असं त्यांना वाटतं. कोरडा नळ कसा आधी नुसती हवा ओढतो, खाकरतो, गडगडतो आणि मग एकदम मोकळा होतो, तसाच त्याचा भुरका. माणूस धंद्यानं प्लंबर. हयात पाइपांत गेली, तेव्हा पाइपांचं थोडंफार अंगात उतरणारच. एकदा त्यानं असा काही भुरका मारला की खिडकीचा पडदा आत ओढला गेला, आणि पडद्यामागोमाग शेजाऱ्यानं दोरीवर वाळत घातलेला मोजाही आत आला. तो मोजा परत द्यायला मीच गेलो होतो, त्यामुळे या बाबतीत कुणी माझ्याशी वाद घालू नये.

त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. दीडशे मशीनं एकदम धडधडायची, त्या हॉलमध्ये तिचे कान पार बोथट झाले. समोरचा काय बोलतो ते ती ओठ बघून ओळखते. दारावरची बेल तिला ऐकू येत नाही. वीज कडाडली तर "कुणी काही म्हणालं का?" असं विचारते. पण साडूचा भुरका? दोन भिंतींपलीकडून, कानात कापूस घालून, डोक्यावरून पांघरूण घेऊनही तिला तो स्वच्छ ऐकू येतो.

एका सकाळी ती बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, मी आले."

"या, बसा. चहा टाकायला सांगतो."

"चहाचं नाव काढू नका!" ती म्हणाली, आणि सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसली. माझी खुर्ची म्हणजे खिडकीजवळची, हातावर डोकं टेकून झोप काढता येईल अशी. घरात दुसरी तशी नाही.

आमची ही स्वयंपाकघरातून आली, बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "मुक्काम लांबणार."

संध्याकाळी साडू तिला न्यायला आला. हातात पान्ह्यांची पिशवी, शर्टाला मिशांना लावायच्या कलपाचे डाग. आमची लेक तेव्हा कामावरून नुकतीच परतली होती आणि बुटांच्या नाड्या सोडत होती.

"चल गं," साडू म्हणाला. "एवढ्याशा आवाजापायी घर सोडतं का कुणी?"

"एवढासा?"

"सगळेच करतात आवाज. त्रास सगळा तुझ्या डोक्यात आहे."

"डोक्यात आहे काय! डोकंच उठतं माझं!"

"मग दाखव मोजून," साडू म्हणाला. "टाकीतलं पाणी मोजता येतं. पाइपातला दाब मोजता येतो. तुझा वैताग कशात मोजायचा, लिटरमध्ये? जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी पहिल्या दिवसापासून मानत आलोय. मोजून दाखवलास तर भुरका सोडतो, जा!"

मेहुणी खुर्चीत ताठ झाली. "साडेसाती गेली म्हणायची! भाऊजी, तुम्ही साक्षीला. मोजता आला नाही तर मी आपण होऊन परत जाईन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. पण मोजता आला आणि ह्यांनी सोडला नाही, तर मी जन्मभर इथेच. ह्याच खुर्चीत."

नवराबायकोच्या पैजेत खुर्ची माझी लागली होती.

तेवढ्यात लेक एक बूट हातात घेऊन उठली. तिचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, बूट फेकून मारते की काय. "मावशी! काका! अहो, मी मोजते! वैताग हेच तर माझं काम आहे!"

आता हे काम काय ते सांगायला हवं. लेक पंख्यांच्या कारखान्यात नोकरीला. तिथे तिची एक खोली आहे. भिंतींना, छताला, दाराला सगळीकडे टोकदार फोम. त्या खोलीत टाळी वाजवली तर आवाज हातातच मरतो. तिथं दोन पंखे शेजारी शेजारी लावतात. मीटर सांगतो, दोघांचा आवाज सारखा. पण एकाखाली माणूस घोरत पडतो आणि दुसऱ्याखाली त्याला चप्पल भिरकवावीशी वाटते. हा फरक मीटरला कळत नाही. तो माणसालाच कळतो, आणि म्हणून लेक माणसांनाच मीटर बनवते. खुर्च्यांवर त्यांना बसवते, एक आवाज ऐकवते आणि म्हणते, "हे शंभर वैताग धरा. आता हा दुसरा ऐका. पहिल्याच्या निम्मा त्रास होतो? पाव? दुप्पट?" तुम्हाला वाटेल, माणसं तोंडाला येईल ते सांगत असतील. मलाही वाटलं होतं. पण नाही! शिकवून तयार केलेली माणसं एकमेकांच्या इतकी जवळपास आकडे देतात की अंगावर काटा येतो.

त्या माणसांत एक पोस्टमन होता, एक बेकरीवाली, एक दातांच्या दवाखान्यातली मदतनीस आणि आणखी दोघंतिघं. मीही गेलो होतो एकदा. पहिल्या पंख्याला मी हजार दिले, दुसऱ्याला चार हजार, आणि खुर्ची करकरली तिला दहा हजार. लेकीनं मला दाराबाहेर आणून ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी बसूनच मदत करा."

तिची अडचण एकच होती. शंभर म्हणून धरायला सर्वांना सारखाच छळेल असा आवाज मिळत नव्हता. पत्र्यावर काटा ओढून पाहिला तर पोस्टमनच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि बेकरीवालीला मात्र डुलकी लागली, कारण तिचा सारा दिवस ट्रे खरवडण्यातच जातो. दात कोरायचं यंत्र लावलं तर मदतनीस बाई गुणगुणायला लागल्या. कारखान्याचे मोठे साहेब तर टपूनच बसले होते. "वैताग मोजतायत!" ते म्हणायचे. "उद्या माझ्या सासूची माया मोजाल. ती खोली गोदामाला द्या, निदान खोके तरी मावतील."

तर अशा त्या खोलीत दुसऱ्या दिवशी सकाळी साडू गेला. मीही गेलो. खुर्ची माझी पणाला लागली होती, मी कसा घरी बसेन?

लेकीनं आधी भुरका रेकॉर्ड करून ऐकवला. माणसांनी खांदे उडवले. कुणी तीस दिले, कुणी पस्तीस. साडू मिशीतल्या मिशीत हसायला लागला. मग लेकीनं काळा पडदा लावला, पडद्यामागे साडूला बसवलं आणि हातात वाफाळता कप दिला. "काका, घरी पिता तसाच. अगदी निवांत."

साडूनं कप तोंडाला लावला.

काय सांगू! आधी लांबून यावी तशी एक शीळ. मग खरखर. मग सगळी हवा एका जागी गोळा होतेय असा गडगडाट. भिंतीवरचा फोम पडद्याच्या दिशेला वाकला, हे मी स्वतः पाहिलं. आणि शेवटी घोट उतरल्यावर तो तृप्त, आडदांड "आऽऽह!" पोस्टमन खुर्चीवरून अर्धा उठला. बेकरीवालीनं दोन्ही हातांनी पीठ मळावं तसा स्वतःचा रुमाल मळला. आणि आकडे? लेकीनं मघाच्या रेकॉर्डच्या मानानं आकडे द्यायला सांगितले होते. एकाही माणसाचा आकडा दुसऱ्यापासून हलला नाही. सगळ्यांनी त्याला रेकॉर्डच्या तिप्पट दिले. झोपाळू बेकरीवालीनंसुद्धा!

"एकमत!" लेक ओरडली. त्या खोलीत ओरडलेलं कुठे जात नाही, म्हणून ती दार उघडून बाहेर गेली आणि तिथे पुन्हा ओरडली, "एकमत झालं!" मग आत येऊन तिनं पडदा बाजूला केला आणि साडूचे चहानं ओले झालेले हात धरले. "काका, तुम्ही शंभर आहात! मी वर्षानुवर्षं तुम्हाला शोधत होते!"

साडू गोंधळला. पैज हरला होता, पण असा सत्कार जिंकणाऱ्याचाही होत नाही.

घरी येऊन लेकीनं मावशीला सगळं सांगितलं. मेहुणी खुर्चीतल्या खुर्चीत उसळली. "बघा! तिप्पट! मी काय म्हणत होते? आता सोडा म्हणावं!"

इथेच पंचाईत झाली. लेक चाचरत म्हणाली, "मावशी, काकांनी सोडला तर माझा शंभर जाईल गं. रोज सकाळी माणसांना आधी खरा भुरका ऐकवावा लागणार. रेकॉर्डनं त्रासच होत नाही."

"कारखान्यात काय ढोसायचं ते ढोसू देत," मेहुणी म्हणाली. "प्रश्न घराचा आहे. घरात बंद झाला अशी खात्री पटली की मी जाईन."

"तू इथे, मी तिथे," साडू म्हणाला, "मग खात्री पटणार कशी?"

"ते तुम्ही बघा."

आणि तिनं पाय लांब करून माझ्या स्टुलावर ठेवले. म्हणजे स्टूलही गेलं.

त्यानंतर साडू रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात जायला लागला. रस्त्यात कुणी भेटलं की पिशवी या हातातून त्या हातात घेऊन म्हणायचा, "जरा गडबडीत आहे. माझ्याशिवाय त्यांचं मोजमाप सुरू होत नाही." एका गिऱ्हाईक बाईचं तुंबलेलं बेसिन मोकळं करताना त्यानं तिला सांगितलं म्हणे, "बाई, तुमच्यापुढे शंभर बसलाय, शंभर!" तिला वाटलं, हा मजुरी सांगतोय.

खोलीत कामाला जोर आला. आधी पडद्यामागून भुरका, मग पंखे. कारखान्याचा एक टेबलफॅन होता, लेकीचा लाडका. त्याला पहिल्या दिवशी सगळ्यांनी वीस वैताग दिले. मोठे साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि "हं" म्हणाले. साहेबांच्या तोंडून हं निघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून शाबासकी.

पण काही दिवसांनी त्याच पंख्याला माणसांनी तीस दिले. मग चाळीस. मग साठ! कारखान्यात एकच धावपळ. मिस्त्रींनी पंखा खोलला. बेअरिंग बदलली, पाती तोलली, तेल पाजलं. पंखा मुकाट फिरत होता, पूर्वीपेक्षाही गुळगुळीत, आणि आकडा पोहोचला ऐंशीवर. साहेब तरातरा आले.

"परवापरवा वीस होता, आज ऐंशी? पंखा काय वयात आला की काय?"

लेक आता पेटली होती. अशी कोडी पडली की तिला भूक लागत नाही, झोप लागत नाही, आणि ती दुसऱ्यालाही लागू देत नाही. "बाबा, पंखा तोच आहे. मग माझी माणसं बिघडली असतील. रोज रोज भुरका ऐकून कान सरावले असतील." तिनं कॅन्टीनमधून नवी कोरी माणसं आणली, ज्यांनी साडूला कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनाही आधी भुरका ऐकवला, मग पंखा. त्यांनीही दिले ऐंशी! मग राहिला भुरका. लेकीनं मीटर नेऊन साडूच्या मिशीखाली धरला. आवाज पहिल्या दिवसाइतकाच, तसूभर कमी नाही.

"पंखा तोच, माणसांचे आकडे बरोबर, भुरक्याचा आवाज तेवढाच," लेक जेवताना पुटपुटत होती. "आणि उत्तर चुकीचं. साहेब म्हणालेत, उद्या सकाळी शेवटचं दाखवा. नाहीतर खोके." तिनं घास तसाच ठेवला आणि सहज मावशीकडे पाहिलं. "मावशी, तू इतकी वर्षं ऐकतेयस. तुला नाही का गं सवय झाली?"

"सवय? मला रोज पहिल्या दिवशीइतकाच राग येतो!"

लेकीच्या हातातला चमचा पडला.

"पहिल्या दिवशीइतकाच?"

"अगदी तेवढाच. ना कमी, ना जास्त. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी आला होता तेवढा."

"बाबा! ऐकलंत?" लेक उठून टेबलाभोवती फिरायला लागली. "माणसाला कशाचीही सवय होते! नव्या बुटांची होते, घड्याळाच्या टिकटिकीची होते, तुमच्या गोष्टींचीसुद्धा झाली सगळ्यांना! आणि ही मावशी! इतक्या वर्षांत हिचा राग जागचा हलला नाही! अहो, असं यंत्र जगात कुठे मिळणार?"

"यंत्र कुणाला म्हणतेस गं?" मेहुणी म्हणाली, पण तिच्या स्वरात राग नव्हता. इतक्या वर्षांत तिच्या रागाचं कौतुक पहिल्यांदाच कुणी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे खोलीत. आमची हीसुद्धा. साहेब हात मागे बांधून उभे. नियमाप्रमाणे लेकीनं आधी मावशीचे कान तपासले. बारीक शिटी वाजवली, मेहुणी स्वस्थ. मोठी वाजवली, स्वस्थ. आणखी मोठी वाजवली तेव्हा पोस्टमननं कान झाकले आणि मेहुणी म्हणाली, "सुरू करा की आता, कशाची वाट बघताय?"

साहेब खो खो हसले. "बहिरी बाई आणलीत ऐकायला?"

"साहेब," लेक म्हणाली, "तुम्ही पण पडद्यामागे या. एक कप तुम्हालाही."

पडद्यामागे तिघं. पोस्टमन, साहेब आणि साडू. कुणी कधी प्यायचं ते लेक खुणेनं सांगणार. कुणाची पाळी कधी, याचा मेहुणीला पत्ता नाही. साडूही असेल एवढंच तिला सांगितलं होतं.

पहिला भुरका आला. मेहुणीनं नाक उडवलं. "नवशिका. तोंड भाजलंय त्याचं." पडद्यामागून पोस्टमनचा हाऽहाऽ असा जीभ वाऱ्याला धरल्याचा आवाज आला.

दुसरा आला. "हा गृहस्थ भीत भीत पितोय," मेहुणी म्हणाली. "घरी कुणीतरी डोळे वटारणारं आहे." पडद्यामागे कप बशीवर आपटला. मागाहून साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल होते आणि त्यांनी पुढे सासूची माया मोजण्याची गोष्ट कधी काढली नाही.

मग तिसरा. शीळ, खरखर, गडगडाट, "आऽऽह". मीटरचा काटा सरळ उभा राहिला. मी डोळे मिटून घेतले. आता मेहुणी उसळणार, म्हणून.

मेहुणी उसळली नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा झाला. मेहुणीनं मान तिरकी केली. तिच्या कपाळावरची ती नेहमीची आठी आली नव्हती. "हे आमचे नव्हेत."

पडद्यामागे साडूला ठसका लागला.

"अगं मावशी, काकाच आहेत!"

"असतील. भुरका त्यांचा नाही." मेहुणी उठून उभी राहिली. "आमच्या ह्यांचा घोट आधी घशाखाली जातो आणि आवाज मागून येतो. त्यांना स्वतःला पत्ताच नसतो. म्हणून तर जीव जातो! हा जो कोणी आहे, तो आधी आवाज काढतोय आणि मग चहा ओढतोय. ही भुरक्याची नक्कल आहे. सोंग!"

आणि तिनं जाऊन पडदा खसकन ओढला. साडू कप घेऊन बसला होता, शाळेत पकडलेल्या पोरासारखा.

"अहो, इकडे बघा. घरी कसा पिता चहा?"

"पितो. कसा म्हणजे?"

"खरं सांगा."

साडूनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खिशातून एक चीज बाहेर काढली. तांब्याची बारीक नळी, बोटाएवढी, वाकवलेली, टोकाला चिमुकला, तोटीसारखा कॉक कथलाचा डाग देऊन बसवलेला. "भुरका म्हणजे शेवटी काय," तो खाली बघत म्हणाला, "पाइपात पाण्याबरोबर घुसलेली हवा. हवा आत येऊ द्यायची नाही, एवढंच तर काम. पहिल्यांदा ह्या नळीनं प्यायला लागलो. रोज कॉक थोडा थोडा जास्त उघडा ठेवत गेलो, म्हणजे हवा आपल्या ओठांनीच अडवायची. आता नळीही लागत नाही. चहा पितो आणि मला स्वतःलाच कळत नाही प्यायलो की नाही."

"मग इथे?"

"इथे रोज आठवून आठवून काढतो. मीटरवर आवाज तेवढाच आणतो. पण आतून येत नाही गं आता. सांगितलं असतं, तर पोरीची खोली गेली असती."

लेकीनं घसा साफ केला आणि फार जपून विचारलं, "मावशी, पूर्वीचा भुरका शंभर धरला, तर आत्ताचा हा किती?"

मेहुणीनं डोळे मिटले. आतल्या आत काहीतरी तोलत असावी. मग म्हणाली, "पंचवीस. एकही जास्त देणार नाही."

"पंचवीस. म्हणजे पाव." लेकीची बोटं हवेत हिशोब करायला लागली. "आम्ही पावालाच शंभर म्हणत बसलो. म्हणजे सगळे आकडे चौपट फुगले. म्हणजे पंख्याचे ऐंशी हे खरे..." ती थांबली. बोटं पुन्हा एकदा मोजली. मग एकदम ओरडली. "वीस! ऐंशीचा पाव वीस! बाबा, वीस! पंखा पहिल्यापासून वीसच आहे!"

बेकरीवालीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पोस्टमन भाजलेल्या जिभेनं "वीह, वीह" करत नाचायला लागला. मी आमच्या हिला मिठी मारली आणि तिनं मला सर्वांसमोर चिमटा काढला. अहो, विचार करा! मेहुणीनं तो पंखा जन्मात पाहिला नव्हता. त्याचा आकडा तिला कुणी सांगितला नव्हता. नुसत्या रागाच्या तराजूत नवऱ्याला तोललं, आणि आकडा बरोबर काट्यावर बसला!

साहेब मात्र साहेब. "पण मग एवढ्या लोकांना भुरका उतरल्याचं कळलं कसं नाही?"

"कारण काका रोज एवढासाच उतरत होते," लेक म्हणाली, आणि अंगठा आणि बोट चिकटवून दाखवलं. "कालच्यात आणि आजच्यात फरक जाणवेल इतका तो फरकच नव्हता. रोज ऐकणाऱ्याला कळणार नाही. मावशीनं मध्ये ऐकलाच नव्हता, तिच्या डोक्यात जुना शंभर तसाच होता. साहेब, पंखा रोज चढत होता, कारण काका रोज उतरत होते!"

मेहुणी ते ऐकत होती. मग साडूकडे वळली. "रोज?"

"रोज," साडू म्हणाला. "मी म्हटलं होतं ना सोडतो."

"आणि मला न सांगता?"

"तू म्हणालीस, ते तुम्ही बघा. म्हणून बघितलं."

मेहुणीनं त्याच्या हातातली ती तांब्याची नळी घेतली, उजेडाकडे धरली, कॉक फिरवून पाहिला. "डाग तरी नीट द्यायचा," ती म्हणाली. पण तिनं नळी परत दिली नाही, स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आमची ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बॅग भरायला घेते तिची."

आता राहिला लेकीचा शंभर. साडूला तो येईना, रेकॉर्डवर तो चढेना, आणि साहेब घड्याळ बघायला लागले. तोडगा मेहुणीनंच काढला.

"ह्यांना कशाला रोज पिळायचं? शंभर माझ्या डोक्यात आहे ना? मी येत जाईन आणि सांगत जाईन."

"पण मावशी, कधीच ऐकला नाहीस तर तुझ्याही डोक्यातला पुसट होईल," लेक म्हणाली. "अधूनमधून खरा ऐकायला हवा."

मेहुणीनं बराच विचार केला. एवढा विचार तिनं लग्नाला हो म्हणतानाही केला नसेल. "सकाळचा पहिला घोट," ती म्हणाली. "एकच. बाकी कप मुक्यानं."

"पण मला येत नाही आता," साडू काकुळतीला आला.

"माझ्यासमोर बसा. येईल."

ती त्याच दिवशी घरी गेली. माझी खुर्ची मला मिळाली, पण तिच्या गादीला मेहुणीचा आकार आला होता. त्यात मी अजून बसतोय असं मला वाटत नाही, नुसता ठेवलेला असतो.

दोनचार दिवसांनी तिचा राहिलेला चष्मा द्यायला मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. दोघं टेबलाशी समोरासमोर. मेहुणी लेकीच्या कारखान्यात निघायच्या तयारीत, खांद्याला पर्स. साडूपुढे कप, वर वाफ. मी दाराशीच थांबलो.

"अहो, घ्या आता. उशीर होतोय मला."

साडूनं कप उचलला. खोकला. ठेवला. पुन्हा उचलला. मग त्याची नजर सहज वर गेली. समोर मेहुणी भुवया आक्रसून, ओठ आवळून, हयातभर बसत आली तशीच बसली होती. आणि त्या भुवया बघताच साडूच्या चेहऱ्यावर ती जुनी निवांत कळा आली. घोट आधी उतरला.

आवाज मागून आला!

पडदा आत ओढला गेला. कपाटाचं दार आपणहून उघडलं. समोरच्या इमारतीत "आलं, आलं!" म्हणून बादल्यांचा खडखडाट झाला. आणि मग आला तो "आऽऽह", अस्सल, आडदांड, कुणाची पर्वा नसलेला.

मेहुणीनं डोळे घट्ट मिटले होते. कपाळावर आठी ठसठशीत.

"एकशे चार," ती म्हणाली. "माज वाढलाय."

साडूचा चेहरा असा उजळला की जणू वर्गात पहिला आला. मेहुणी तो आकडा डोक्यात सांडू नये अशी मान ताठ धरून जिना उतरली. साडूनं बाकीचा कप इतक्या मुक्यानं संपवला की तो रिकामा झालाय हे मला आत वाकून बघावं लागलं.

निघताना पायाशी काहीतरी मऊ लागलं. खिडकीखाली शेजाऱ्याचा मोजा पडला होता. उचलला आणि नेऊन दिला.